एक घोडा म्हणजे ७४६ वॅट!

विहिरीवरची मोटर पाच एचपीची, ट्रॅक्टर पन्नास एचपीचा. या एचपीतला, म्हणजे हॉर्सपॉवरमधला, घोडा खराखुरा होता! ब्रिटनमध्ये तो रिंगणात चालत गिरणीचं चाक फिरवायचा.

अभियंता जेम्स वॅट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन वाफेची इंजिनं पुरवायचे. खाणवाल्यांशी त्यांचा सौदा सोपा होता: जुन्या न्यूकोमेन इंजिनापेक्षा जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश भाग आमचा. पण गिरणीत आधीचं इंजिनच नसे, जुंपलेले असत घोडे. मग वाचलेला कोळसा मोजणार कसा? वॅटने घोडाच मोजायला घेतला. त्याने धरलं की घोडा १२ फूट त्रिज्येच्या रिंगणात तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि १८० पौंडांचा जोर लावतो. गुणाकार येतो मिनिटाला सुमारे ३२,५७२ फूट-पौंड. वॅटने १७८३ मध्ये त्याचे सरळ ३३,००० केले. दुकानदाराला शोभेल असा हा गोळाबेरीज आकडा आजही तसाच चालतो. इंजिनाची तुलना घोड्याशी करण्याची युक्ती मात्र जुनी, ती थॉमस सेव्हरी या इंग्रज संशोधकाने १७०२ मध्येच वापरली होती.

खरा घोडा एका एचपीवर थांबत नाही बरं! ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात १९९३ साली छापलेल्या हिशेबानुसार तो काही सेकंदांपुरते जवळजवळ १५ एचपी काढू शकतो. माणसाला बराच वेळ टिकवता येतो तो एचपीचा जेमतेम दहावा हिस्सा.

युरोपातला मेट्रिक घोडा थोडा अशक्त आहे, ७३५.५ वॅटचा. त्यामुळे तिथे त्याच गाडीचा आकडा जरा मोठा दिसतो. फ्रान्सची १९४८ ची सिट्रोएन ‘टू सीव्ही’ गाडी तर नावाने (सीव्ही म्हणजे फ्रेंचमधला एचपी) दोन घोड्यांची, ताकदीने ९ एचपीची. नावातले दोन घोडे करआकारणीचे!

वॅटच्या मृत्यूनंतर ६३ वर्षांनी, १८८२ मध्ये, विल्यम सीमेन्स या अभियंत्याने शक्तीच्या एककाला त्याचं नाव सुचवलं. शास्त्राने वॅट घेतला, पण आपल्या शिवारात अजून एचपीच चालतो. महाराष्ट्रात २०२४ पासून शेतीपंपांना मिळणारी मोफत वीजही साडेसात एचपीपर्यंतच आहे. म्हणून मोटर घेताना पाटीवरचे किलोवॅट १.३४ ने गुणून बघा. ३.७ किलोवॅट असतील, तरच ती पाच एचपीची.