लॅपटॉपचा ताप

शाळेतला जुना लॅपटॉप रेंगाळू लागला की कुणी गुरुजी म्हणतात, “प्रोसेसरच बदलून टाकू.” जमेल का? २०१३ साली आलेल्या इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत अनेक लॅपटॉपांत तो खाचेत बसवलेला असे. पुढच्या बहुतेकांत तो डाख देऊन पक्का केलेला असतो. तिथे हा नाद सोडावा.

खाच असली तरी उष्णतेचा हिशेब आलाच. ३५ वॉटच्या जागी ४५ वॉटचा घातला, तर जादा उष्णता जायची कोठे? ती वाहून नेते एक चपटी तांब्याची नळी. तिच्या पोटात किंचित पाणी असते. तापल्या टोकाशी त्याची वाफ होते, पंख्याशी ती निवते नि पाणी परत फिरते. नळी ३५ वॉटच्याच बेताची असली, तर नवा गडी शंभर अंशांच्या आसपास पोचून आपणच चाल मंद करतो. पैसे गेले, वेग तोच!

तेव्हा आधी पंखा पाहा. पेणला मूर्तींच्या कारखान्यांतली भुकटी, रोह्याला रस्त्याची धूळ. त्यात आपली पावसाळी ओल. जाळीत लिंपणच बसते. बॅटरी काढावी, पंखा बोटाने धरून मऊ कुंचल्याने जाळी झाडावी. प्रोसेसरवरचा वाळका लेप पुसून नवा लावावा, तांदळाच्या दाण्याएवढाच.