केसपेपरच्या खिडकीपाशी अडलेली भाषा

हुपरी म्हटले की आपल्याला चांदीचे पैंजण आठवतात. पण दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की गावाबाहेरच्या माळावर ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. बहुतेक टोळ्या बीडकडच्या. त्यांची मराठी इथल्यापेक्षा वेगळी असली तरी काम भागते. काही टोळ्या मात्र नंदुरबारच्या सातपुड्यातून येतात. त्यांच्या घरात पावरी किंवा भिलीची दुसरी एखादी बोली असते. पुरुषांना बाजारापुरती मराठी-हिंदी येते, बायकांना बहुधा तेवढीही नाही.

ही काही मूठभर लोकांची भाषा नव्हे. 2011 च्या जनगणनेत भिली गटातील भाषा बोलणारे एक कोटीहून अधिक नोंदले गेले. बोडो आणि संथाळी बोलणारे यापेक्षा कमी असूनही त्या भाषा 2003 च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आल्या. भिली अजून बाहेरच आहे. दवाखान्यातली पाटी, गोळ्यांचे पाकीट, शस्त्रक्रियेचे संमतीपत्र, यांतले काहीच तिच्या भाषेत नसते.

शब्द कळले तरी अर्थ पोहोचतोच असे नाही. गरोदर बाईला पहिला प्रश्न असतो, "शेवटची पाळी कधी आली?" तारीख तिच्याकडे नसते. भोंगऱ्या बाजाराच्या आधी की होळीनंतर, असे विचारले तर ती नेमके सांगते. "सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी" हेही तसेच. पहाटे तीन-चारला उठून भाकरी बांधून फडावर जाणाऱ्या बाईचा नाश्ता कोणता? मग ती गोळी राहून तरी जाते, नाहीतर सगळ्या गोळ्या एकदम घेतल्या जातात.

मग दुभाषी कोण? बहुधा मुकादम. माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण इथेच आहे. त्याने उचल दिलेली असते. कामाचा खाडा पडला की पैसे कापले जातात. डॉक्टरांनी "आठ दिवस विश्रांती" सांगितले तर ते तिच्यापर्यंत तसेच पोहोचेल याची खात्री कोण देणार? शिवाय पांढरे जाते, अंगावरून जाते, हे ती परक्या पुरुषासमोर बोलतच नाही. मुकादम नसेल तर शाळेत चार वर्षे गेलेला मुलगा पुढे केला जातो. एका दवाखान्यात दहा वर्षांच्या मुलाला आईच्या रक्तस्रावाबद्दल विचारलेले मी ऐकले. तो खाली बघत "पोट दुखते" एवढेच म्हणाला. कागदावर पोटदुखी लिहिली गेली, आणि उपचारही पोटदुखीचेच झाले.

शास्त्यांच्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, यार्देनच्या उतारावर एका शब्दाच्या उच्चारावरून माणसे ओळखून मारली गेली, ते आपण वाचले आहे. आपल्या भागातला मिशनचा इतिहास याच्या उलट आहे. डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हाही दारात मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारे रुग्ण असत. परदेशातून येणाऱ्याने आधी इथली भाषा शिकायची, असा मिशनचा रिवाज होता. आपण तर याच राज्यातले.

सोयी नाहीत असे नाही. 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून मोफत आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रात गरोदर मातांची तपासणी होते. माता-बाल संरक्षण कार्ड धडगावचे असले तरी इथे चालते. फक्त ते गावी पेटीत न ठेवता सोबत आणायला हवे. हे कोपीत जाऊन तिच्या भाषेत कोणीतरी सांगायला लागते.

गेल्या हंगामात आम्ही टोळीतल्याच, थोडे शिकलेल्या एका सुनेकडून साधे प्रश्न पावरीत बोलून घेतले आणि फोनवर साठवले. ताप किती दिवस? लघवीला जळजळ होते का? बाळ पोटात हलते का? बाई मान हलवून किंवा बोटे दाखवून उत्तर देते. गोळ्यांच्या पुडीवर आम्ही उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढतो. आशाताईंनी ही पुडी लगेच उचलली. फोनवरचा प्रकार डॉक्टरांना वेळखाऊ वाटतो; गर्दीच्या दिवशी त्यांचे म्हणणे खोटेही नाही.

या हंगामासाठी आणखी दोन जुने पण चालू फोन हवे आहेत, आणि मंडळीतल्या चार बहिणी, ज्या संध्याकाळी सातनंतर अड्ड्यावर येऊ शकतील. दिवसा तिथे फक्त म्हातारी माणसे आणि लहान मुले भेटतात.