मल्टिपल स्क्लेरोसिस : विषाणुसंसर्ग हा विप्रकृष्ट हेतू?

मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत शरीराचीच प्रतिकारयंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंवरील मायलिनचे आवरण नष्ट करते. या संप्राप्तीच्या आरंभाविषयी २०२२ मध्ये महत्त्वाचा पुरावा मिळाला. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदी व त्यांतील निवडक रक्तनमुने अभ्यासता, एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर या व्याधीचा धोका ३२ पट झाल्याचे आढळले. सायटोमेगॅलो विषाणूबाबत तशी वाढ दिसली नाही. त्याच वर्षी या विषाणूच्या एका प्रथिनाचे चेतासंस्थेतील ग्लायलकॅम प्रथिनाशी साम्यही दाखविले गेले. अशा साम्यामुळे विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे स्वकीय धातूवर उलटू शकतात.

तथापि सुमारे ९५ टक्के प्रौढांना हा संसर्ग झालेलाच असतो. व्याधी मात्र अत्यल्पांनाच जडते. म्हणून संसर्गास विप्रकृष्ट हेतू मानणे सयुक्तिक वाटते. आनुवंशिकता, धूम्रपान व ड जीवनसत्त्वाची न्यूनता हे अन्य सहायक हेतू होत.

सबब, केवळ या विषाणूच्या प्रतिपिंडांवरून व्याधिनिश्चिती करू नये. तरुण रुग्णाची एका डोळ्याची दृष्टी वेदनेसह मंदावल्यास, अथवा अंगास बधिरता येऊन ती टिकल्यास, वातव्याधी समजून कालहरण न करता वैद्यांनी त्यास त्वरित मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. नष्ट झालेला चेतातंतू पुन्हा लाभत नाही.