पाणी खरेच हिरवे झाले की उपकरणाचा भास? उपग्रह प्रतिमांतील ‘नॉइज’ आणि जलाशयांची गुणवत्ता

जलाशयातील पाण्याची स्थिती आता उपग्रह प्रतिमांवरून तपासता येते. सेंटिनेल-२ मालिकेतील दोन उपग्रह मिळून साधारणपणे दर ५ दिवसांनी एकाच ठिकाणची प्रतिमा घेतात व ती विनामूल्य मिळते. भीमा नदीवरील उजनीसारख्या जलाशयात शेवाळ कोठे वाढले आहे, हे अशा प्रतिमांपासून तयार केलेल्या नकाशावर दिसू शकते. ठिबकची गाळणी वारंवार तुंबणाऱ्या शेतकऱ्यास आणि मत्स्यपालकास ही पूर्वसूचना मोलाची ठरते. तथापि नकाशावरील प्रत्येक हिरवा ठिपका शेवाळाचाच असतो, असे नाही.

नॉइज म्हणजे काय?

संवेदकावर पडणाऱ्या प्रकाशाचे विद्युत संकेतात रूपांतर होताना त्यात थोडा अनियमित चढउतार मिसळतो. यालाच ‘नॉइज’ म्हणतात. प्रकाशाचे स्वाभाविक चढउतार, उपकरणातील उष्णता आणि इलेक्ट्रॉनिक मंडले ही त्याची प्रमुख कारणे होत. संवेदकातील शोधकांची संवेदनक्षमता तंतोतंत सारखी नसल्यास प्रतिमेत समांतर पट्टेही उमटतात.

पाण्यावर परिणाम अधिक का?

जोमदार पीक निकट-अवरक्त किरणांपैकी सुमारे ४० ते ५० टक्के परावर्तित करते. पाणी मात्र बराचसा प्रकाश शोषून घेते. शिवाय जलाशयावरून संवेदकापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाचा मोठा हिस्सा वातावरणातून विखुरलेला असतो. पाण्याचा मूळ संकेत असा क्षीण असल्याने तेवढाच नॉइज येथे अधिक बाधक ठरतो.

हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. शेवाळातील हरितद्रव्य ६६५ नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषते, तर ७०५ नॅनोमीटरजवळ परावर्तन वाढते. या दोन परावर्तनांतील फरकास त्यांच्या बेरजेने भागले की हरितद्रव्य निर्देशांक मिळतो. समजा, ही परावर्तने अनुक्रमे २.० व २.२ टक्के आहेत. निर्देशांक सुमारे ०.०५ येतो. दोन्ही नोंदींत केवळ ०.१ टक्क्याची चूक झाली, तर तो शून्य किंवा जवळजवळ ०.१० होऊ शकतो. म्हणजे शेवाळ एक तर दिसतच नाही किंवा दुप्पट भासते. याउलट ५ टक्के लाल व ४५ टक्के निकट-अवरक्त परावर्तन असलेल्या पिकाचा निर्देशांक ०.८० असतो. तेवढ्याच चुकीने त्यात नगण्य फरक पडतो.

सरासरीचा उपाय व त्याची मर्यादा

शेजारच्या ९ पिक्सेलांची सरासरी घेतल्यास अनियमित नॉइज साधारणपणे एक-तृतीयांशावर येतो. मात्र पट्टे, धुरकट हवा व पाण्यावरील सूर्याची चकाकी यांमुळे येणारी चूक अशा सरासरीने जात नाही. विस्तीर्ण जलाशयात हा उपाय सोयीचा आहे. शेततळ्यात तो उपयोगी पडत नाही. सेंटिनेल-२ च्या ७०५ नॅनोमीटर पट्ट्याचा पिक्सेल २० मीटरचा असतो. ३० × ३० मीटरच्या शेततळ्यात फार तर एकच पिक्सेल पूर्णपणे पाण्यावर येतो. उरलेल्यांत बांधाचा व गवताचा प्रकाश मिसळतो.

जुन्या व नव्या प्रतिमांची तुलनाही जपून करावी. लँडसॅट-५ च्या नोंदी २५६ पातळ्यांच्या, तर २०१३ मध्ये सोडलेल्या लँडसॅट-८ च्या ४०९६ पातळ्यांच्या आहेत. त्यामुळे बारीक फरक जुन्या प्रतिमेत टिपलाच गेला नसेल.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

• एका दिवसाच्या, एका पिक्सेलच्या आधारे इशारा देऊ नये. लागोपाठच्या दोन-तीन निरभ्र प्रतिमांत तोच कल दिसतो का, ते पाहावे.
• काठालगतचे पिक्सेल वगळून मगच सरासरी काढावी.
• उपग्रह ज्या दिवशी वरून जातो, त्याच दिवशी शक्यतो त्याच वेळेच्या सुमारास पाण्याचा नमुना घ्यावा. वाऱ्याने शेवाळ काही तासांत सरकते.
• २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी सेकी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीपर्यंत दिसते, याची नोंद ठेवावी. या कमी खर्चाच्या साधनाने पाण्याची पारदर्शकता कळते. गढूळपणा गाळाचा की शेवाळाचा, हे मात्र नमुन्यावरूनच ठरवावे.

कोठे पाहावे हे उपग्रह दाखवतो. तेथे काय आहे, याचा निर्णय मात्र पाण्याच्या नमुन्यावरच सोपवावा.