गृहप्राप्ती, मुंबईतील

अल्प वा मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबास मुंबईत स्वतःच्या मिळकतीतून राहण्याजोगे घर मिळू शकणे. घराची किंमत वार्षिक उत्पन्नाच्या किती पट आहे आणि भाडे वा कर्जाचा हप्ता मासिक उत्पन्नाचा केवढा हिस्सा व्यापतो, हे तिचे प्रचलित मापदंड होत. हा हिस्सा ३० टक्क्यांहून अधिक झाल्यास तो कुटुंबास जड जातो, असे सामान्यतः मानतात.

१८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये नगर सुधार न्यास स्थापन झाला. पुढे १९२० च्या दशकात शासनाने नायगाव, वरळी, डिलाइल रोड व शिवडी येथे बी. डी. डी. चाळी बांधल्या. सुमारे १६० चौ. फुटांची एक खोली व सामाईक शौचालय, हेच तेथील कुटुंबाचे घर होते.

१९४७ च्या भाडेनियंत्रण अधिनियमाने भाडी सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. तात्पुरता म्हणून योजलेला हा उपाय अर्धशतक टिकला. जुन्या भाडेकरूस त्यामुळे संरक्षण मिळाले. परंतु भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधणे मंदावले, इमारतींची दुरुस्ती रखडली आणि नवागतास ‘पागडी’ मोजणे भाग पडले. स्वस्ताई गरजेपेक्षा जुन्या ताब्याशी निगडित झाली. १९९९ च्या अधिनियमाने भाड्यात वार्षिक चार टक्के वाढीस मुभा दिली व पागडीस मान्यता दिली.

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा अधिनियमाने मुंबईत मोकळ्या जमिनीच्या धारणेवर ५०० चौ. मी. मर्यादा घातली, तथापि सवलती व दावे यांमुळे फारच थोडी जमीन शासनाच्या हाती आली आणि २००७ मध्ये राज्यात तो रद्द झाला. १९९५ पासूनच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पात्र झोपडीधारकास विनामूल्य सदनिका मिळते. तिचा खर्च त्याच भूखंडावरील इतर सदनिका खुल्या बाजारात विकून भागविला जातो. त्यामुळे पुनर्वसनाची गती बाजारातील चढ्या किंमतींवर अवलंबून राहते. झोपडीही नाही व बाजारभावाची ऐपतही नाही, अशा पगारदार कुटुंबास मुख्यतः म्हाडाच्या सोडतीचा आधार उरतो. तेथे घरांच्या कित्येक पट अर्ज येतात.

परिणामी नवी कुटुंबे विरार, डोंबिवली, कल्याण, पनवेल येथे घर घेतात. तेथे किंमतीत झालेली बचत रोजच्या दीर्घ लोकल प्रवासात अंशतः खर्ची पडते. म्हणून प्रवासाचा खर्च व वेळ हिशेबात धरल्याशिवाय घर परवडते किंवा नाही, हे ठरविता येत नाही.