घराची वाट

मुलांनो, तुम्ही रोज घरून शाळेत येता. कोणत्या गल्लीतून वळायचे, रस्ता कुठे ओलांडायचा, याचा तुम्ही विचारही करीत नाही. एखाद्या दिवशी रस्ता खोदलेला असला, तर तुम्ही मशिदीच्या मागच्या गल्लीने वळसा घालून येता. म्हणजेच तुमच्या मनात साऱ्या मोहल्ल्याचा नकाशा तयार असतो. हा नकाशा कोण काढतो?

आपल्या मेंदूत, दोन्ही कानांच्या बाजूला खोलवर, एकेक लहानसा भाग असतो. त्याचा आकार समुद्रघोडा नावाच्या माशासारखा दिसतो. म्हणून त्याला 'हिप्पोकॅम्पस' म्हणजे समुद्रघोडा असे नाव पडले. नव्या गोष्टी लक्षात ठेवणे आणि वाट ओळखणे ही दोन्ही कामे मुख्यतः हाच भाग करतो. १९७१ साली जॉन ओकीफ या शास्त्रज्ञाने उंदरांच्या मेंदूत एक नवल पाहिले. उंदीर ठरावीक जागी आला, की या भागातील ठरावीक पेशी जाग्या होत. जागा बदलली, की दुसऱ्या पेशी जाग्या होत. पुढे २००५ साली मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांनी हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या भागात, जागेचे जणू चौकटीसारखे मोजमाप करणाऱ्या पेशी शोधल्या. या तिघांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता लंडन शहरातील टॅक्सीचालकांची गोष्ट ऐका. परवाना मिळवण्यासाठी त्यांना सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. त्यासाठी तीन-चार वर्षे लागतात. २००० साली एलिनॉर मॅग्वायर यांनी त्यांच्या मेंदूची छायाचित्रे तपासली. तेव्हा त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. व्यायामाने दंड भरतात, तसा सरावाने मेंदूही बदलतो!

पण उतारवयात काही जणांना अल्झायमर नावाचा आजार होतो. १९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी त्याचे प्रथम वर्णन केले. हा आजार बहुधा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागापासून सुरू होतो. म्हणून नव्या गोष्टी विसरणे आणि ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, ही त्याची सुरुवातीची लक्षणे असू शकतात.

येथे एक फरक ध्यानात ठेवा. म्हातारपणी नव्या गावात वाट सापडायला वेळ लागणे, हे स्वाभाविक आहे. परंतु चाळीस वर्षे ज्या गल्लीत राहिलो, तीच परकी वाटू लागली, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. कधी कधी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉईडचा विकार यांमुळेही विस्मरण होते. त्यावर उपचार आहेत. अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध मात्र अजून सापडलेले नाही.

मग टॅक्सीचालकांना हा आजार कमी होतो का? २०२४ साली अमेरिकेतील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत टॅक्सी आणि रुग्णवाहिका चालवणाऱ्यांमध्ये अल्झायमरने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण कमी दिसले. ठरलेल्या मार्गाने जाणाऱ्या बसचालकांमध्ये तसे दिसले नाही. वाट शोधण्यामुळेच हा फरक पडला, असे यावरून सिद्ध होत नाही; पण विचार करण्यासारखी गोष्ट आहे खरी.

तुमचे दादाजान किंवा नानीजान वाट चुकू लागल्या, तर हसू नका, रागावू नका. ते मुद्दाम विसरत नाहीत. त्यांच्या खिशात घरचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. घरातील वस्तूंच्या जागा वारंवार बदलू नका. रात्री न्हाणीघराकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा लावून ठेवा. त्यांना घरात कोंडून ठेवण्याऐवजी संध्याकाळी सोबत फिरायला न्या. ज्यांनी बोट धरून तुम्हांला शाळेची वाट दाखवली, त्यांचा हात धरून घरी आणणे हे तुमचे कर्तव्य आहे.

स्वाध्याय
१. हिप्पोकॅम्पस हे नाव का पडले?
२. टॅक्सीचालक आणि बसचालक यांच्या कामात कोणता फरक आहे?
३. वाट विसरणाऱ्या वृद्ध व्यक्तीला तुम्ही कशी मदत कराल? पाच वाक्ये लिहा.