गोठ्याशेजारचं पितळ

गॅस सिलिंडरच्या तोंडावरची पांढरी टोपी दोरी ओढून काढली की आत पिवळा धातू चमकतो. तोच व्हॉल्व्ह. घरात त्याच्याकडे कुणी निरखून पाहत नाही. रेग्युलेटर ‘टक्’ करून बसला, शेगडी पेटली, की त्याचा विषय संपतो. वाशीम–पुसद रस्त्यावरच्या आमच्या अनसिंगात पूर्वी गॅस म्हणजे नोकरदाराच्या घरची वस्तू होती. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत तो सोयाबीन-तुरीवर जगणाऱ्या घरांतही आला. चूल मागच्या पडवीत असायची, म्हणून सिलिंडरही तिथेच उभा राहिला. पडवीच्या भिंतीपलीकडे गोठा आणि कोपऱ्यात युरियाची पोती. संपादकांनी पितळी सुट्या भागांच्या गुणवत्ता तपासणीवर लेख मागितला, तेव्हा मला पहिल्यांदा ही पडवीच आठवली. या जागेचा विचार पितळ घडवणाऱ्यांपर्यंत पोचतो का, हे मला पाहायचं होतं.

व्हॉल्व्ह तळहातावर मावतो. बॉडी पितळेची, आत स्प्रिंगवर बसलेली पिन, पिनेला रबरी सील, आणि रेग्युलेटर बसतो तिथे एक ओ-रिंग. रेग्युलेटरची कळ फिरवली की पिन खाली दबते आणि गॅस सुटतो. रेग्युलेटर काढला की स्प्रिंग पिनेला वर लोटते, आतला दाबही त्याच दिशेने रेटतो आणि वाट बंद होते. चाळीस अंश तापमानाला सिलिंडरमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला दहा किलोच्या आसपास जाऊ शकतो. रेग्युलेटरमधून शेगडीकडे जातो तो तीस ग्रॅम. या दोन आकड्यांमधलं सगळं ओझं या पितळी तुकड्यावर आणि त्यावर बसणाऱ्या रेग्युलेटरवर असतं.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. स्वयंपाकाचा गॅस १९५५ मध्ये बर्मा शेलने मुंबईत आणला. इंडेनची पहिली जोडणी १९६५ मध्ये कोलकात्यात झाली. पुण्यात पौड रस्त्यावर वनाज इंजिनिअर्स हा रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह करणारा कारखाना उभा राहिला. त्याच्या नावाने आधी चौक ओळखला जाऊ लागला, मग सगळा परिसर, आणि मार्च २०२२ पासून मेट्रोचं स्थानकही. त्या स्थानकावर उतरणाऱ्या किती जणांना हे नाव आपल्या ओट्याखालच्या वस्तूशी जोडलेलं आहे हे माहीत असेल! व्हॉल्व्हला आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. शिवाय पेसो या केंद्रीय संस्थेची मंजुरी लागते, आणि तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

मी गेलो ते पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका लहान कारखान्यात. नाव न छापण्याच्या अटीवर त्यांनी आत सोडलं. पितळेच्या सळ्या येतात, त्यांचे तुकडे होतात, ते सातशे अंशांच्या वर तापवून प्रेसखाली डायमध्ये दाबले जातात. बॉडीचा आकार एका ठोक्यात येतो. कडेला निघालेला फ्लॅश कापतात, मग ड्रिल, मग आटे. तुकडा थंड पडलेला असेल तर कडेला चीर जाते, जास्त तापला तर धातूचे कण मोठे होतात. कधी गरम पितळ स्वतःवरच दुमडतं आणि वरून गुळगुळीत दिसतं. याला तिथे ‘लॅप’ म्हणतात आणि सगळे त्याला वचकून असतात, कारण तो गेजला सापडत नाही. गो गेज जातो, नो-गो अडतो, माप बरोबर, आटे बरोबर, आणि भिंतीत मात्र केसाएवढी वाट राहिलेली.

ती वाट शोधायचं काम पाण्याच्या टाकीवर चालतं. मी सर्वांत जास्त वेळ तिथेच उभा राहिलो. एका चौकटीत व्हॉल्व्ह ओळीने आवळतात, आत दाबाची हवा सोडतात आणि चौकट पाण्यात उतरवतात. वर पांढरा दिवा, टाकीची मागची बाजू काळी. समोर बसलेल्या ताई पन्नाशीच्या असाव्यात. पाण्यात जाताना प्रत्येक बॉडी अंगाला थोडी हवा चिकटवून घेऊन जाते, त्यामुळे पहिल्या क्षणी सगळीकडे बुडबुडेच दिसतात. मला सगळे व्हॉल्व्ह गळके वाटले. ताईंनी मऊ ब्रश फिरवला, बहुतेक बुडबुडे सुटून वर गेले. एक परत आला, त्याच जागी, आट्यांच्या मुळाशी. तो मोठा झाला, सुटला, आणि थोड्या वेळाने तिथेच दुसरा धरू लागला.

“चिकटलेला नुसता बसून राहतो,” त्या म्हणाल्या. “गळणारा वाढतो.”

शेजारीच गळती मोजणारं नवं यंत्र आहे. हवा भरायची, झडप बंद करायची आणि दाब किती उतरला ते पाहायचं. ते थकत नाही, त्याचे डोळे दुखत नाहीत, त्याचा आकडा संगणकात जातो. व्यवस्थापकांना त्याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण नुकत्याच धुऊन आलेल्या कोमट बॉडीतली हवा निवते तसा दाबही उतरतो, आणि यंत्र तिला गळकी ठरवतं. शिवाय हवा कुठून गेली हे ते सांगू शकत नाही. ताई सांगतात. नापास माल त्या एका ढिगात टाकत नाहीत. आट्यांच्या मुळाशी गळणारे एका ट्रेमध्ये, पिनेपाशी गळणारे दुसऱ्यात, भिंतीतून गळणारे तिसऱ्यात. संध्याकाळी तिसरा ट्रे भरलेला दिसला की फोर्जिंगचा सुपरवायझर स्वतः येतो आणि डाय उतरवून पाहतो. त्या कारखान्यातली खरी गुणवत्ता मला या तीन ट्रेंमध्ये दिसली. भंडाऱ्याची पितळी भांडी घेताना आमच्या आज्या हंड्याला टिचकी मारून नाद ऐकायच्या आणि चीर ओळखायच्या. तसाच, वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावलेला हा डोळा आहे.

टाकीमागच्या खोलीत प्रयोगशाळा आहे. एका उपकरणात पितळेवर ठिणगी पाडतात आणि तांबं, जस्त, शिसं, लोखंड किती ते काही सेकंदांत पडद्यावर येतं. शिसं मुद्दाम ठेवलेलं असतं, त्याने मशीनवर चिप्स तुटून पडतात. मला पाहायची होती ती दुसरी चाचणी, आणि तिचा इतिहास घोड्यांच्या पागेतला आहे.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैन्याची काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकू लागली. कुणी हात लावला नव्हता, वापर झाला नव्हता, तरी पितळेच्या नळ्यांना उभ्या चिरा. इंग्रजीत त्या दोषाला ऋतूचंच नाव पडलं. काडतुसं पागेजवळ ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो, पावसाळी हवेतल्या ओलाव्यात तो पितळेवर बसतो आणि घडवताना धातूत अडकलेल्या ताणाच्या जागी त्याला फोडतो. याचा नीट उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं. उपाय साधा निघाला. घडवून झाल्यावर पितळ अडीचशे-तीनशे अंशांना पुन्हा तापवायचं, म्हणजे आतला ताण निघून जातो.

ताण गेला की नाही हे पाहायला प्रयोगशाळेत मर्क्युरस नायट्रेटच्या आम्लयुक्त द्रावणात बॉडी अर्धा तास बुडवून ठेवतात. अमोनियाला महिने लागतील ते काम पारा तिथल्या तिथे करतो. ताण उरला असेल तर बॉडी पुसून भिंगाखाली धरली की चिरा दिसतात. पागेतला पावसाळा असा काचेच्या भांड्यात मावलेला पाहून मी थक्क झालो. अनसिंगच्या पडवीचा विचार, तिचं नावही न ऐकलेल्या माणसांनी करून ठेवला होता.

पण ही चाचणी झालेली बॉडी पुन्हा वापरता येत नाही. गळती प्रत्येक नगाची तपासता येते, ताण फक्त नमुन्याचा. बाकीचा सगळा लॉट ताण काढणाऱ्या भट्टीच्या भरवशावर बाहेर जातो. तापमान किती होतं, किती वेळ होतं, ट्रेच्या मधल्या नगांपर्यंत उष्णता पोचली का, हे तक्त्यावर लिहिलेलं असतं. वीज मध्येच गेली, रात्रपाळीला माणूस कमी होता, ट्रे खच्चून भरला, तरी टाकीत एकही बुडबुडा येणार नाही. व्हॉल्व्ह चोख दिसेल, तपासणीतून पास होईल आणि ताण पोटात घेऊनच गावाला जाईल. त्यामुळे टाकीवरच्या ताईंइतकंच त्या भट्टीवरच्या माणसाला जपलं पाहिजे, असं मला वाटतं. तो बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतो.

पितळ हे फार करून भंगारातूनच पुन्हा जन्म घेतं. त्यात काही वाईट नाही. पण तांब्याचा भाव लंडनच्या बाजारावर हलतो आणि तेल कंपन्यांच्या निविदेत सर्वांत कमी दर भरणाऱ्याकडे पारडं झुकतं. दोन पैशांची काटकसर करायला जागा उरते ती सळीत, भट्टीच्या विजेत आणि माणसांच्या मजुरीत. चांगला पुरवठादार सोडून स्वस्त सळी घेतली की लोखंडाचा अंश वाढतो, त्याचे कडक ठिपके हत्यार खातात आणि आट्यांची धार बिघडते. हे मला व्यवस्थापकांनी स्वतः सांगितलं, आणि ठिणगीच्या उपकरणासाठी कर्ज काढल्याचंही.

कारखान्याबाहेर पडल्यावर पितळेचे हाल सुरू होतात. सिलिंडर ट्रकमधून जुन्या टायरवर आदळतात, फरशीवर घरंगळतात, आणि डोक्याचं कडं नेहमी व्हॉल्व्हला वाचवतंच असं नाही. बॉटलिंग प्लांटमध्ये भरल्यानंतर गळती पुन्हा पाहतात. मात्र भरलेल्या मोठ्या सिलिंडरमधून बेकायदा छोट्यात गॅस काढताना पिन कशानेही दाबली जाते, तिला ओरखडे पडतात, आणि तोच सिलिंडर पुढे कुणाच्या तरी घरी जातो. ओ-रिंग हरवली तर कुठलंही रबर बसवणारे मी पाहिले आहेत. गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. वासासाठी त्यात मिसळलेलं मर्कॅप्टन नाकाला जागं करतं, पण गोठ्याच्या वासात वाढलेल्या नाकाला ते लगेच कळेलच याची मला खात्री वाटत नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात गोठा महिनोन्‌महिने ओला असतो. युरियाचं फुटकं पोतं ओलावा धरतं, त्यातूनही अमोनिया सुटतो. भट्टीतून नीट गेलेलं पितळ हे सोसतं. नीट न गेलेलं कोणतं, हे पडवीत उभ्या असलेल्या बाईला कळायला काही मार्ग नाही. तिने निदान सिलिंडर गोठ्याच्या भिंतीपासून हलवावा, पोती दुसरीकडे न्यावीत, आणि घेताना दारातच टोपी काढून ओ-रिंग आहे का ते पाहावं आणि व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकावं. फेस बसून राहिला तर ठीक, एकाच जागी वाढू लागला तर सिलिंडर परत द्यावा. कड्याखालच्या पट्टीवर आतून इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आकडे वर्षाचे. ती पुढच्या तपासणीची मुदत असते. ती उलटून गेली असेल तर सिलिंडर घेऊ नये. त्या तपासणीत सिलिंडरवर दाब देण्यासाठी व्हॉल्व्ह उतरवावाच लागतो, आणि त्या पितळेकडे नीट पाहण्याची तीच खात्रीची वेळ असते.